लाय आणि ले

ग्रिम्सबीच्या वृद्धाश्रमात रात्रपाळीची मारिव्हिक
अजून अडखळते: 'लाय' की 'ले'?
'ले'ला कर्म लागतं, बाई शिकवायच्या,
कुणीतरी कुणाला तरी निजवायचं असतं.
'लाय' आपलं आपण आडवं होतं.

मिस्टर हेब्डनना रोज तीच निजवते.
पाठीशी उशी, गुडघ्यांमध्ये टॉवेल.
ते कुरकुरतात, "मी काय वीट आहे रचायला?"
जन्मभर गवंडीकाम केलेलं.

आज पहाटे चारला
उशी जमिनीवर, तोंड भिंतीकडे,
हात गार.
स्वतःच कूस बदललेली.

नोंदवहीत तिनं 'ले' लिहिलं आणि थबकली.
'लाय'चा भूतकाळही
असाच दिसतो, 'ले'.
वाचणाऱ्याला कळणार कसं?
वाक्यात कर्म शोधलं. नव्हतं.
पेनला टोपण लावलं.