दोन, तीन, एक

सोसायटीची जुनी वही आडनावापासून सुरू होते.
आधी घराणं, मग स्वल्पविराम,
मग माणूस, शेवटी त्याचा बाप.
कुबल, रुक्मांगद धाकू
खवणेकर, सोमा लाडू
मालंडकर, दाजी भिकू
तीनशे बारा ओळी मी आठ रात्रींत टाइप केल्या,
निवतीच्या लाइटीची मर्जी सांभाळत.
आणि आता डिझेल परताव्याचा नवा फॉर्म म्हणतो,
आधी माणूस हवा. घराणं शेवटी.

म्हणजे तीनशे बारा वेळा उचला, ठेवा, पुसा.
किंवा ही एक ओळ:

^(.+), (.+) (.+)$

बाबांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"ह्यां काय गो? मुंगळे चलतत तसा दिसता."
"रापण ही," मी म्हटलं.

आणि होतीच ती तशी.
कंसाचं एक टोक वाळूत माणसांच्या हातात,
होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते,
दुसरं टोक दुसऱ्या रांगेच्या हातात.
टिंब म्हणजे कुठलाही मासा, तारली म्हणा, सौंदाळा म्हणा.
अधिकचं चिन्ह म्हणजे निदान एक, पुढे कितीही.
ओढून वर घेतलं की वाटे पडतात,
$1, $2, $3,
कुठला कुठे मांडायचा ते आपण ठरवायचं.
कंसात न आलेला स्वल्पविराम मात्र
जाळ्याच्या डोळ्यातून परत पाण्यात.

बाबा जरा वेळ बघत राहिले.
"आणि बापूस?"
"तिसऱ्या वाट्यात."
"शेवटाक नाय मा?"
"नाय. शेवटाक घराणां."
मग ते होडीवर ताडपत्री टाकायला गेले.

लिहायचं होतं दोन, तीन, एक.
पण बोटांना उलटी मोजणी सवयीची.
तीन, दोन, एक लिहिलं
आणि 'सर्व बदला' दाबलं.

पापणी लवायच्या आत
गावातल्या सगळ्या बापांना मी
त्यांच्याच पोरांची पोरं केलं.
धाकू रुक्मांगद कुबल.
लाडू सोमा खवणेकर, ज्याला जाऊन वीस वर्षं झाली,
शेजारच्या रकान्यात सोमाच्या मोबाइल नंबरासकट.
मी एकटीच हसत होते.
बोट कंट्रोल-झेडकडे निघालंही होतं.

ओळ एकशे अठ्ठ्याऐंशी.
भिकू दाजी मालंडकर.

हे चुकलेलं नव्हतं.
आमच्यात थोरल्याला आज्याचं नाव देतात,
दाजीचा भिकू, भिकूचा दाजी,
मागे कितीही ओढा, दोर संपत नाही.
आजोबा होतेच भिकू दाजी.
ह्याच वहीत, आधीच्या पानावर,
निळ्या शाईची रेघ आहे त्यांच्या नावावर.
रेघ मारलेली नावं मी घेतलीच नव्हती.
तरी ते आले,
दोन हयात सभासदांच्या मधे उभे राहिले,
वर्गणी भरलेली, होडीचा नंबर बाबांचा.

मला भाऊ नाही.
दोर माझ्याशी येऊन थांबतो
हे कोणी बोलत नाही आमच्या घरात,
पण माझ्या नावातही तिसरा वाटा आहेच की.
अजून तरी.

चहा उतू गेल्याचा वास येईपर्यंत
मी त्यांना तसंच राहू दिलं.

मग कंट्रोल-झेड.
मग दोन, तीन, एक, एकेक आकडा ओठांनी म्हणत.
पडद्यावर आलं: ३११ बदल केले.

तीनशे अकरा?

शोधत खाली गेले. शेवटून चौथी.
पराडकर, जानकी
पुढे काही नाही.
तिने नवऱ्याचं नाव लिहिलं नव्हतं
की चिटणिसांनी विचारलं नव्हतं, वहीला माहीत नाही.
माझ्या ओळीला तिसऱ्या जागी निदान एक तरी अक्षर हवं होतं,
ते मिळालं नाही, म्हणून तिने जानकीला शिवलंच नाही.
स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

नमुन्यात एक प्रश्नचिन्ह घातलं असतं
तर तीही आली असती जाळ्यात.
माहीत होतं मला.

अंगणातून बाबांचा आवाज आला,
"झाली काय गो यादी?"
"एक रवली हा," मी म्हटलं,
आणि ती तेवढी ओळ
हातानेच लिहायला घेतली.