पहिल्यापासून

गोथेनबर्गमध्ये टोल येणार म्हटल्यावर
टुरेनं गाडीच्या काचेवर चिकटवलं,
"टोल? आमच्या मढ्यावरून!"
जेवताना नगरपालिकेच्या नावानं खडे फोडायचा,
बटाटे गार होईपर्यंत.

आता सात वर्षं ट्राम.
खिडकीकडची तीच जागा, थर्मासमधली कॉफी.
फक्त उतार लागला की
उजवा पाय आपोआप
नसलेला ब्रेक दाबतो.

परवा एक मुलगी प्रश्नावली घेऊन आली.
"टोल आला तेव्हा तुमचं मत?"
"मी पहिल्यापासून बाजूनंच होतो."
खोटं बोलत नव्हता तो.

शेजारी सिग्ने विणत होती.
टाके मोजता मोजता थांबली,
त्याच्याकडे बघितलं,
मग पुन्हा एकपासून मोजायला लागली.

गॅरेजमध्ये गाडीवर चादर आहे.
धूळ झटकायला सिग्नेच जाते.
काचेवर उरलंय एवढंच:
मढ्यावरून.