पितळ

पराना नदीच्या काठी, रोसारिओत,
जानेवारी म्हणजे भर उन्हाळा.
दुपारी नदीसुद्धा बसल्या जागी पेंगते
आणि एवारिस्तोमामाच्या दुकानात
निपचित पंख्यांची रांग लागते.

मी आत, टेबलाशी, स्क्रू वेचत.
मामा दारात, येर्बाचा कडू घोट नळीनं ओढत
येईल त्या गिऱ्हाइकाला एकच पुराण सांगतो:
तो कपाटावरचा पंखा बघा.
आजोबांनी हप्त्यानं घेतलेला.
बिडाची बैठक, चार पितळी पाती,
मानेपाशी तेलाची इवली वाटी.
सत्तर वर्षांत दोनदा वायंडिंग, एकदा वायर,
आणि दर उन्हाळ्यात शिलाई मशीनचं तेल, थेंब तीन.
"उघडता येतो," मामा म्हणतो, "म्हणून टिकतो."

मग तो समोरचा नवा पंखा पालथा घालतो,
मेलेल्या कासवासारखा.
"आता याचा स्क्रू दाखवा मला.
खाचेत खाच दाबून कायमचा मिटलाय.
शवपेटीला तरी खिळे असतात."
आत ॲल्युमिनियमची तार, केसाला लाजवणारी,
तिच्या पोटात तांदळाएवढा फ्यूज,
तो गेला की अख्खा पंखा भंगारात.

तो फ्यूज मी बदलते.
दहा मिनिटं लागतात.
हे मामा कुणाला सांगत नाही.

काल नेलिदा गौना आली.
कडेवर अकरा महिन्यांचं पोर,
काखेत मान मोडलेला पांढरा प्लास्टिकचा पंखा.
तिनं पुराण शेवटपर्यंत ऐकलं,
पोराच्या मानेवरची घामोळी पुसली, म्हणाली,
"मग तोच द्या की. कपाटावरचा. सांगा किंमत."

असं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

मामानं तो उतरवला, बाहीनं पुसला,
मी पिन लावली.
आधी गुरगुर, मग दुकानातला दिवा जरा मंद,
मग वारा.
बिलं उडाली, पोराचं जावळ उभं राहिलं,
भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत मार्चपर्यंत गेलं.
आम्ही सगळेच हसलो.
पोर तर खदखदून,
आणि त्यानं हात पुढे केला
त्या फिरत्या, पिवळ्या, लखलखत्या चंद्राकडे.

जाळी होती म्हणायला.
तारेचे चार वळसे. मांजरसुद्धा आत गेलं असतं.

मामानं डाव्या हातानं वायर हिसकली.
पाती थांबायला किती वेळ घेतात,
मी पहिल्यांदाच मोजलं. एकोणीस.

त्या डाव्या हाताची तर्जनी अर्धी आहे.
लेथनं नेली, असं आम्हाला घरात माहीत.
त्यानं ते खुंटलेलं बोट
थांबलेल्या पात्याच्या कडेवर ठेवलं.
"चार वर्षांचा होतो," एवढंच म्हणाला.
नेलिदानं पोराची मूठ आपल्या मुठीत घेतली.

जुनं ते सोनं म्हणतात.
हे पितळ होतं,
आणि दर रविवारी घासूनही
आमच्यासमोर उघडं पडायला त्याला सत्तर वर्षं लागली.

मग मामानं चष्मा लावला,
लोण्याची सुरी घेतली
आणि नेलिदाचा पांढरा पंखा स्वतः उघडला,
एकेका खाचेला गोंजारत,
जणू झोपलेल्या माणसाच्या हातातून किल्ली काढावी.
मानेला पत्र्याची पट्टी मारली.
जाळी दाबून पाहिली: करंगळी जाईना.
"हा याच्यासाठी बरा," तो म्हणाला, "दोन उन्हाळे तरी.
मोडला की आणा. वाऱ्यावर सोडणार नाही."
पैसे मात्र पुरते घेतले.

रात्री शटर अर्धं ओढून मी हिशेब केला.
मामानं जुन्याच्या वाटीत तेल घातलं,
तीन थेंब, नेहमीसारखे,
बटण फिरवलं
आणि बनियनवर त्याच्यासमोर बसला,
चार हात दूर.