पाणी जातं त्या क्रमाने

सकाळी फाइल उघडली:
एक लाख सत्तावीस हजार आठ ओळी.
गल्ली, तारीख, वेळ, दाब,
आणि शेवटी शेरा नावाचा रकाना,
त्यात कुणी लिहिलंय ‘हवा आली’,
कुणी नुसतंच ‘बघणे’.

घाटकोपरच्या या जलखात्याच्या कचेरीत
पंखा दोन नंबरवर चालतो,
मी कंत्राटावर.

आधी सगळ्या रेषा एकाच आलेखात ओतल्या.
झाल्या शेवया.
त्रेसष्ट गल्ल्या एकमेकींच्या अंगावर,
भरलेली कोण, तहानलेली कोण,
काही कळेना.
मग कोडची एक ओळ वाढवली,
गल्लीगणिक एक चौकट,
आडवी वेळ, उभा दाब,
नऊ रांगा, रांगेत सात,
आणि एंटर मारून चहाला गेले.

परत येते तो पडदाभर
त्रेसष्ट लहान लहान पहाटा.

डिमेलो मॅडम खांद्यावरून वाकल्या.
“ही जांभूळ टेकडी मेलेली का दिसते?”
मेलेली नाही मॅडम,
पट्टी सगळ्यांना एकच लावलीय,
उत्कर्ष सोसायटीच्या उंचीने मोजलं
की टेकडीचं पाणी जमिनीला चिकटतं.
“मग ज्याला त्याला आपली पट्टी दे ना.”
दिली. एक शब्द तर बदलायचा होता.
टेकडी क्षणात उभी राहिली, उत्कर्षच्या तोडीस तोड,
तसाच फुगवटा, तसाच डौल.
मॅडम जेवायला गेल्या खुशीत.
मी उभ्या अक्षावरचे बारके आकडे वाचले
आणि तो शब्द परत पहिल्यासारखा केला.

दुपारी अंकुश धुमक आले, हजेरीच्या सहीला.
चावीवाले. एकतीस वर्षं
पहाटे साडेतीनला रस्त्यातली झाकणं उघडणारे.
माणसाएवढी लोखंडी चावी त्यांनी दाराशी टेकवली,
छत्री ठेवावी तशी,
आणि टेबलावरच्या मोठ्या छापील कागदाकडे
मान तिरकी करून बघत राहिले.
चष्मा खिशातच.

“ही दगडी गल्ली,” बोट ठेवून म्हणाले.
“ही मच्छीबाजाराची मागची बाजू.
ह्या दिवशी मी रजेवर. बघा, बदलीवाल्यानं
एक फेरा कमी दिला.”

मी खुर्ची पुढे ओढली.

“पण ताई, हे बसवलंय कसं?
टेकडी इथं मध्येच, झेंडा चौकाच्या मांडीवर?”
मुळाक्षरांनी लागतात काका. ज, मग झ.
मशीन आपोआप लावतं.
“पाण्याला कुठं येतात मुळाक्षरं?”

लिवा, म्हणाले. मी लिहीत गेले.
टाकीपासून सुरुवात. मग उत्कर्ष, साडेचार फेरे.
मग संजीवनी, मग बुद्धविहाराचा उतार,
तिथून फाटा. डावीकडे आधी, कारण तो पाइप जुना.
एके जागी अडले. दोन गल्ल्यांत आधी कुठली?
डोळे मिटले,
दोन्ही मुठी हवेत धरून
नसलेली चावी सावकाश फिरवली,
खांदा जरा दुखल्यासारखा झाला,
आणि म्हणाले, “परीटवाडी. मग दुसरी.”
सगळ्यात शेवटी टेकडी: नऊ फेरे,
तरी पहिली दहा मिनिटं नुसती हवाच.

त्रेसष्ट नावं, अवतरण चिन्हांत, स्वल्पविरामांनी जोडून
एका यादीत घातली. चालवलं.

तेच आकडे. तीच पट्टी.
पण आता पहिल्या चौकटीतला फुगवटा
दुसरीत जरा उशिरा, जरा बुटका,
तिसरीत आणखी,
चालता चालता दमत गेलेल्या माणसासारखा;
आणि एकेचाळीस-बेचाळीसच्या मध्ये
धाडकन एक पायरी.
मुळाक्षरांत ती कुठे लपली होती कोण जाणे.

धुमकांनी तिथे बोट ठेवलं. “हां,” एवढंच म्हणाले.
मी विचारलं, गळती? की कुणी जोडणी घेतलीय?
त्यांनी सही केली, चावी उचलली,
जिना उतरताना ती पायरीपायरीला वाजली.

अहवालात आलेखाखाली बारीक अक्षरात टाकलंय:
क्रम – अंकुश धुमक, चावीवाले.
मॅडमनी ती ओळ ठेवली का,
अजून उघडून पाहिलेलं नाही.