पार्टिंग लाइन

चौतीस वर्षं ईस्ट स्ट्रीटच्या या काउंटरमागे
मी माणसांचे तळवे बघतोय ज्योतिष्यासारखे,
रेषा मात्र वाचत नाही.
अंगठ्याच्या बेचक्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर,
एवढंच भविष्य माझ्या कामाचं.

बिल्डर येतात, त्यांना सगळ्यात मोठं हवं असतं.
सराफ विचारतो, लग्नात कोटाखालून फुगणार नाही ना?
आणि झाडून सगळ्यांना नऊ मिलीमीटर.
मी लायसन्सवर बोट ठेवतो :
नऊ सरकारचं, साहेब. तुम्हाला बत्तीस.
चेहरे असे उतरतात, जणू चारचौघांत पगार विचारला.

कुंदा गव्हाणे मंगळवारी दुपारी आल्या, भोसरीहून.
लायसन्स भाजीच्या पिशवीत, मेथीखाली.
मी ट्रेमध्ये तीन मांडली,
मोठं, मधलं, आणि एक मुठीत मिटेल एवढं,
मॅगझिन काढून, चेंबर रिकामं दाखवून.

नळीकडे त्यांनी बघितलंच नाही.
फ्रेमवर नखानं टिचकी मारली, मडकं बघतात तशी.
मग वास घेतला.
"नायलॉन. तीसेक टक्के काच."
मुठीच्या पाठीवरून अंगठा खाली आणला.
"ही बघा पार्टिंग लाइन. साचा इथे मिटतो.
घासलीय, पण घाईत.
आमच्याकडं असता तर पोराला परत बसवला असता."

चौतीस वर्षं विकतोय.
ती रेघ मला कधी लागली नव्हती हाताला.

स्लाइड ओढून बघा, म्हटलं.
लहान म्हणजे सोपं, असं लोकांना वाटतं;
स्प्रिंग लहानाचीच कडक.
दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी खांदा लावला,
प्रेसचा दांडा ओढावा तसा.

उजव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं.
छोट्या मुठीवर तसंही करंगळीला जागा नसते.
मी बोललो नाही. त्यांनीच बघितलं,
हसल्या,
आणि मधलं उचललं :
"अर्ध्या बोटालाही टेकायला काही पाहिजे की."

रजिस्टर भरताना मी सवयीनं विचारलं,
कॅलिबर?
पदराचं टोक त्यांच्या हातात थांबलं.
"दीर म्हणाला होता, अख्ख्या शिफ्टसमोर,
वहिनीचं कॅलिबर नाही कंपनी चालवायचं.
लिहा बत्तीस.
ठसठशीत लिहा."

कशासाठी, हे मी विचारत नसतो. ते चौकीचं काम.
पावती दिली. मेथी वर आली, बाकी सगळं खाली गेलं.

गिऱ्हाईक नसलं की आता शोकेस उघडून
एकेकाच्या पाठीवरून अंगठा फिरवतो.
एकाची रेघ अजिबात घासलेली नव्हती, बोचली.
परत पाठवून दिलं.

पेपर मात्र हल्ली मागून उघडतो,
पिंपरी-चिंचवडच्या पानापासून.