होटगी रोड ते मोपा

सरळ रेषेत तीनशे किलोमीटर, मी म्हटलं.
सरळ रेषेत कोण जातं, नायना म्हणाले,
कावळासुद्धा मधी कुठं तरी पाणी प्यायला उतरतो.

मग त्यांना कळेल असा हिशेब मांडला.
ट्रकला एक रात्र.
विमानाला एक तास पाच मिनिटं, म्हणजे
कांडी तुटली नाही, लाइट गेली नाही, तर
एक चादर
आणि दुसरीवरच्या मोराची मान.
"एवढ्यासाठी पट्टा बांधायचा व्हय?"

व्यंकटेश तिकडं एका हॉटेलच्या धुलाईखात्यात आहे.
सात वर्षं.
दिवाळीला फोनवर म्हणाला, अक्का,
इथले टॉवेल आपल्याकडचेच गं,
कडेला शिक्का आहे, अक्कलकोट रोड.
नायनांना सांगितलं, तर ते एवढंच म्हणाले,
किती धुण्यांत विरतो विचार.

बॅग भरली अकरा किलो,
त्यात चार किलो शेंगाचटणी आणि कडक भाकरी.
तपासणीतल्या पोरीनं डबा उघडला, हुंगला,
"मी तुळजापूरची," म्हणाली,
आणि झाकण माझ्यापेक्षा घट्ट लावून दिलं.

चाळीस वर्षांत मागांनी नायनांचे कान नेले.
घरात आम्ही ओरडून बोलतो,
सबंध पद्मनगरला आमची भांडणं पाठ.
पण पंख्यांचं ते छोटं विमान घरघरायला लागलं,
कुणाचं कुणाला ऐकू येईना,
तसे नायना सैल झाले.
खात्यात असंच असायचं. ओठ बघायचे, काम करायचं.
पुढं उभी राहून ती मुलगी काहीतरी सांगत होती,
मागचा माणूस म्हणाला, काय, काय?
नायनांनी वळून सांगितलं,
"पडदा वर कर म्हणूलालीय."

खाली तलाव, टॉवेलाएवढा.
मग तुरीची रानं, ओढे, वाटा, कोरडी माती.
"ताणा बरा हाय," ते म्हणाले,
"बाणा लई विरळ पडलाय."

ते खिडकीला नाक लावून होते, म्हणून
त्यांच्या पाठीला मी म्हटलं,
हळूच, त्या आवाजात मलाही ऐकू न येणारं:
माग भंगारात घातले त्या दिवशी
व्यंकटेशला विचारायला हवं होतं, नायना.

काचेत माझे ओठ दिसत असतील
हे डोक्यात आलं नाही.

बराच वेळ गेला. खाली हिरवं लागलं.
विमान उतरू लागलं, माझे कान बंद झाले.
मग ते बोलले, घरात बोलतात तसं,
पाच ओळींतली डोकी वळली:
"किलोला एकवीस रुपये आले.
त्याला विचारलं असतं तर तो थांबला असता."

अठ्ठावन्न मिनिटांत पोचलो.
सात मिनिटं वाचली, ती कुठं ठेवायची कळेना.
सामानाचा पट्टा रिकामाच फिरत होता,
नायना त्याच्याकडं बघत उभे,
कुठला नट ढिला झालाय ते शोधत.

जाड काचेपलीकडं व्यंकटेश.
पोट सुटलंय. हात हलवतोय,
तोंडानं काहीतरी म्हणतोय, पुन्हा म्हणतोय.
मला काही ऐकू येईना.
काय म्हणतोय, नायना?

त्यांनी नीट बघितलं.
चष्मा काढून पुसला, परत लावला.
"चटणी आणली का,
विचारूलालाय."