कागद खाली सोडताना

समुद्र आम्ही सुपात करायचो.
मूठभर नाचणी, थोडी वाळू,
सूप हळूहळू कलतं करायचं या अंगाकडून त्या अंगाला.
खरा समुद्र जवळच होता, भाट्याच्या पुळणीवर,
पण टेपवर तो तव्यावर काहीतरी करपल्यासारखा वाजायचा.
बेहेरे साहेब म्हणायचे, खरं ते खरं वाटत नाही, इंदू,
सूप आण.

त्या दिवशी नाटेकरांची एसटी हातखंब्याला बंद पडली.
तांबडा दिवा लागायला वीस मिनिटं, आणि नायक नाही.
माझा आवाज घोगरा, घरी सगळे नावं ठेवायचे,
फोनवर लोक मला "अहो भाऊ" म्हणायचे.
साहेबांनी माझ्या हातातलं सूप काढून घेतलं
आणि संहिता दिली.

माईक दोन्ही बाजूंनी ऐकणारा.
एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कालिंदी भाटकर,
मध्ये वीतभर जाळी.
पान उलटायचं नाही, आवाज होतो.
वाचून झालं की बोटं सैल करायची,
कागद गालिच्यावर उतरतो,
खाजणात बगळा उतरावा तसा.

मी जयगडचा खलाशी होते. नाव विश्राम.
तिला म्हटलं, "तुझ्यावाचून मला ही खाडी ओलांडवत नाही."
वाक्य बेहेऱ्यांचं, जरा भिकारच,
पण मी ते तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं
आणि तिनं संहितेत नसलेला एक श्वास घेतला.
तो टेपवर होता.
पुढे त्याच टेपवर भातावरच्या करप्याचा कार्यक्रम भरला.

जवळ येण्याच्या जागी बासरी.
कंसात तसंच लिहिलेलं: दोघे जवळ येतात, बासरी.
बासरीवाला बासरी संपवेपर्यंत
आम्ही दोघी नुसत्या उभ्या,
जवळ आलेल्या.

शुक्रवारी रात्री साडेनवाला ते
दाभोळपासून विजयदुर्गापर्यंत वाजलं.
आई बांगड्यांची पोटं काढत ऐकत होती.
शेवटी विळीवरचा हात थांबवून म्हणाली,
"पोर बरा होता गो. गेला कशाला तिला टाकून?"
मी म्हटलं, मला काय ठाऊक.
पावसहून एका गुरुजींचं पोस्टकार्ड आलं:
श्री. नाटेकर यांचा आवाज या खेपेस फार कोवळा लागला,
प्रकृतीस जपावे.

मार्गशीर्षात कालिंदीचं लग्न झालं, देवरुखला.
मी पंगतीत जिलबी वाढली.
त्याबद्दल एवढंच.

आता भावाची नात, नेत्रा,
कपाटाला आतून गोधड्या टांगून पॉडकास्ट करते.
नाटकच ते, हप्त्याहप्त्यानं, एरियलशिवाय.
तिच्या गोष्टीत दोन बायका आहेत. दोघी बायकाच.
एक मिरकरवाड्याच्या जेटीवर बर्फ विकते,
दुसरी पतपेढीत कॅशियर.
शेवटी कुणी मरत नाही,
मी मुद्दाम विचारून घेतलं.

"आजी, बर्फवाली तू कर."
फ्रीज बंद केला, पंखा बंद केला,
पाववाल्याचा भोंगा लांब जाऊ दिला.
संहिता मोठ्या अक्षरात छापून मागितली,
मोबाइलवरचं मला दिसत नाही.
बासरी कुठाय, मी विचारलं.
म्हणाली, बासरी नाही. तुझाच श्वास.

वाक्य साधं होतं:
"मला तू हवीस. अशीच, बाईच हवीस."
म्हटलं. परत म्हटलं. पाचव्यांदा म्हटलं.
नेत्रानं कानांवरचं काढलं.
"आजी, तू आवाज जाड का करतेस?"

मला कळलंच नव्हतं.
विश्राम अजून घशात राहत होता,
बेचाळीस वर्षं, भाडं न भरता.
मी कोकमाचं पाणी प्याले. खाकरले.
मग म्हटलं ते वाक्य.
कसं लागलं ते ऐकणाऱ्यांनी सांगायचं,
देवरुखपर्यंत ऐकू जातं म्हणे, कुठेही जातं,
कोण ऐकतं ते मात्र कळत नाही, तेव्हाही कळायचं नाही.

आणि सवयीनं बोटं सैल केली.
खाली गालिचा नव्हता, लादी होती.
कागद वाजला.
मी नेत्राकडे बघितलं, परत म्हणू?
ती म्हणाली,
राहू दे.